'नेव्हरी' : एका शिवीची मालकी

इंग्रजी कोशांमध्ये 'नेव्हरी' या शब्दापुढे आता 'जुना प्रयोग' अशी खूण आढळते. अर्थ दोन दिलेले असतात : एक खोडसाळपणा, दुसरा दुष्टावा किंवा लबाडी. दोहोंमध्ये एक अर्धविराम. शेक्सपिअरच्या नाटकांच्या सटीप आवृत्त्या हा अर्धविराम प्रमाण मानतात, आणि कोठे पहिला अर्थ घ्यावयाचा व कोठे दुसरा हे 'संदर्भावरून' ठरवावे, असे विद्यार्थ्याला सांगून मोकळ्या होतात. सल्ला निरुपद्रवी दिसतो. तथापि संदर्भ म्हणजे नेमके काय, हे त्यात सांगितलेले नसते. खोडी आणि दुष्टावा यांच्यातील अंतर काही थोडेथोडके नाही. तरीही हे दोन अर्थ एका शब्दात शतकानुशतके एकत्र नांदले, याचे कारण कृतीच्या स्वरूपात शोधून सापडत नाही. ती कृती करणारा कोणाच्या घरचा, कोणाच्या ताबेदारीतला, हा प्रश्न त्या शब्दात अगोदरच विचारून झालेला होता. उत्तर काय आले त्यावर खोडीचा दुष्टावा होई किंवा दुष्टाव्याची खोडी होई.

शब्दाचा इतिहास सर्वपरिचित आहे, पण त्याकडे पाहण्याची रीत मात्र फार सोयीस्कर आहे. प्राचीन इंग्रजीतील मूळ शब्दाचा अर्थ साधा : मुलगा. जर्मन भाषेत त्याचा सख्खा भाऊ 'क्नाबे' आजही मुलगा या अर्थानेच आहे. इंग्रजीत मात्र मुलगा हा पोऱ्या झाला, पोऱ्याचा चाकर झाला आणि तेराव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत चाकराचा लुच्चा झाला. त्यातही मागचे अर्थ सोडून पुढचे आले असे घडले नाही. मुलगा, नोकर आणि हरामखोर हे तिघेही त्या एका शब्दात दीर्घकाळ एकाच वेळी राहत होते. सोळाव्या शतकात त्यापासून 'नेव्हरी' हे भाववाचक नाम रूढ झाले, तेव्हा एका नोकरीचे नाव एका दुर्गुणाचे नाव बनले. धन्याच्या दुर्गुणाला धनीपणाचे नाव देणारा असा शब्द त्या भाषेत का घडला नाही, हा प्रश्न भाषाशास्त्राचा नाही असे म्हणून बाजूला सारण्याची प्रथा आहे.

या प्रथेला प्रतिष्ठा देणारे सर्वांत वाचनीय पुस्तक म्हणजे सी. एस. लुइस यांचे १९६० मधील 'स्टडीज इन वर्ड्‌स'. सामाजिक दर्जाचे वाचक शब्द कालांतराने नैतिक गुणावगुणांचे वाचक होतात, या प्रक्रियेला लुइस यांनी दर्जावाचक शब्दांचे 'नैतिकीकरण' म्हटले. 'नोबल' आणि 'जंटल' वर चढले, 'व्हिलन' आणि 'नेव्ह' खाली उतरले. हे सारे उच्चभ्रूंच्या तुच्छतेचेच फळ आहे असा आक्षेप येईल, हे त्यांना ठाऊक होते. तो काही अंशी मान्य करून ते पुढे जातात आणि त्या प्रक्रियेत एक आशाही पाहतात : ज्यांच्याकडे दर्जा आहे त्यांच्याकडे शीलही असावे, ही समाजाची अपेक्षा. लुइस यांची विद्वत्ता निर्विवाद आहे आणि त्यांचे गद्य मोहक आहे. पण या मांडणीत शब्द आपले आपण सरकतात, जसा डोंगरावरून मुरूम सरकतो. सरकवणारा हात दिसत नाही. शिवाय आशेचा हा न्याय एकाच दिशेने लावला जातो. वरच्याकडून शीलाची अपेक्षा ठेवणे ही आशा म्हणता येईल. पण गाई राखणाऱ्या आणि घोड्याला खरारा करणाऱ्या पोराकडून चोरीची अपेक्षा ठेवणे ही कोणाची आशा?

'व्हिलन' या शब्दाच्या बाबतीत तर इंग्रजी विद्याक्षेत्राने एक मोठी गमतीची फाळणी करून ठेवली आहे. मध्ययुगीन लॅटिनमध्ये 'व्हिला' म्हणजे जमीनदाराची शेतवाडी, आणि तिच्यावर राबणारा तो 'व्हिलानुस'. कूळ आणि खल या दोहोंसाठी इंग्रजीत मुळात एकच शब्द होता. पुढे वर्णलेखनात भेद करण्यात आला : एक रूप इतिहासाच्या पुस्तकातील भूदासासाठी, दुसरे रूप नाट्यसमीक्षेतील खलनायकासाठी. उच्चार तोच, इतिहास तोच. फक्त एका स्वराक्षराच्या आडोशाने इतिहास-विभाग आणि वाङ्मय-विभाग एकमेकांना ओळख देईनासे झाले. आर्थिक इतिहासाचा प्राध्यापक भूदासाच्या वेठीविषयी लिहितो, इंग्रजीचा प्राध्यापक खलत्वाच्या तात्त्विक गूढाविषयी. हा एकच मनुष्य आहे, हे दोघांपैकी कोणालाच सांगावे लागत नाही.

लुइस यांच्या सिद्धान्ताला खरी अडचण आहे ती वर चढलेल्या दुष्टाव्याची. 'श्रूड' हा शब्द चौदाव्या शतकात दुष्ट, अपायकारक या अर्थाने वापरला जात असे. 'ए मिडसमर नाइट्‌स ड्रीम'मधील पकचे वर्णन करताना परी ज्या दोन विशेषणांची जोडी लावते, त्यांत 'श्रूड' आहे आणि 'नेव्हिश'ही आहे. त्या वेळी दोन्ही शब्द जवळजवळ एकाच पंगतीत बसत होते. पुढे 'श्रूड' म्हणजे चाणाक्ष, व्यवहारचतुर. व्यापारी, वकील आणि मुत्सद्दी यांच्या वर्णनात तो शब्द आज प्रशंसेचा आहे. दुष्टावा तोच, पण तो आता पेढीवर बसून हिशेब करू लागला, तेव्हा त्याचे नाव चातुर्य झाले. त्याच धातूचा 'श्रू' हा शब्द मात्र स्त्रीपाशी अडकून पडला. मुळात तो दुष्ट पुरुषालाही लावला जाई. नंतर भांडखोर बायकोपुरताच उरला. पुरुषाला बढती आणि स्त्रीला जन्मठेप, असा हा एकाच शब्दकुळातील न्यायनिवाडा आहे. (मराठीत वा. बा. केळकरांनी 'टेमिंग ऑफ द श्रू'चे रूपांतर केले तेव्हा नायिकेला थेट रामायणातील राक्षसीचे नाव दिले : 'त्राटिका'. रंगभूमीवर ते खूप गाजले, आणि राक्षसीला माणसाळवण्याचा खेळ म्हणून ते पाहिले गेले.)

'नॉटी' या शब्दाचा प्रवास याहून बोलका आहे. 'नॉट' म्हणजे काही नाही. ज्याच्याजवळ काही नाही तो 'नॉटी', म्हणजे निर्धन, गरजू. सोळाव्या शतकात त्याचा अर्थ दुष्ट असा झाला. १६११ च्या अधिकृत बायबलात माणसांचा दुष्टपणाच नव्हे, तर यिर्मयाच्या दृष्टान्तातील खाण्यास अयोग्य अंजिरेही 'नॉटी' आहेत. सतराव्या शतकात तो शब्द लहान मुलांच्या खोडकरपणाकडे वळला आणि तेथेच लाडावला. दारिद्र्य, पाप आणि बालिश खोडी हे तीन टप्पे एका शब्दाने गाठले, आणि मधला टप्पा ओलांडताना पहिल्याची आठवण पुसून टाकली. दारिद्र्य हा दुष्टावा ठरवून झाल्यावर त्या दुष्टाव्याला बाळलीला म्हणण्याइतके औदार्य सुबत्तेला परवडते.

नीत्शेने १८८७ मध्ये 'नीतीची वंशावळ' लिहिताना हे सारे पाहिले होते. जर्मन भाषेत 'साधा' आणि 'वाईट' हे दोन शब्द एकाच मुळाचे आहेत हे दाखवून, नाव ठेवण्याचा हक्क हा धन्यांचा हक्क आहे असे त्याने स्पष्ट सांगितले. त्या ग्रंथाचे उपशीर्षकच 'एक वादग्रंथ' असे आहे. पण नीत्शेला हा हक्क उघडकीस आणावयाचा होता तो त्याचा गौरव करण्यासाठी. गुलामांची नीती ही द्वेषातून जन्मलेली, म्हणून खालच्या दर्जाची, असे म्हणताना त्याने धन्याचीच शिवी अधिक तत्त्वज्ञ भाषेत दिली. त्यामुळे लुइस यांच्यापाशी हात दिसत नाही आणि नीत्शेपाशी तो दिसतो पण त्याचे चुंबन घेतले जाते. समीक्षेने या दोहोंपैकी एकाची निवड करण्याचे कारण नाही, कारण संहिता स्वतःच याहून पुढे गेलेल्या आहेत.

'किंग लिअर' ही अशी एक संहिता आहे. या नाटकात 'नेव्ह' हा शब्द सतत ये-जा करतो. लिअर आपल्या विदूषकाला लाडाने 'नेव्ह' म्हणतो. तेथे त्यात मुलगा आहे, चाकर आहे आणि माया आहे. थोड्याच वेळाने केंट गॉनेरिलच्या कारभाऱ्यावर, ऑस्वल्डवर, याच शब्दाचा भडिमार करतो. केंटची ती शिव्यांची माळ इंग्रजी वाङ्मयातील विनोदाचा नमुना म्हणून शिकवली जाते. तिच्यातील मालमसाला कोणी तपासत नाही. ऑस्वल्डने केलेल्या कोणत्या दुष्कृत्याबद्दल त्याला तेथे शिव्या दिल्या जातात? धन्याकडून वर्षाला मिळणारे तीन कपड्यांचे जोड, जाडेभरडे लोकरी मोजे, उष्टे अन्न, सगळे चंबूगबाळे एका पेटीत मावेल एवढी मालमत्ता. एकेक शिवी ही पगारपत्रकातील एकेक नोंद आहे. ऑस्वल्ड हा लाचार आणि नीच आहे, हे नाटकात पुढे सिद्ध होतेच. परंतु केंटला त्याच्या नीचपणापेक्षा त्याच्या गणवेशाचा राग आलेला आहे. आणि हे बोलणारा केंट हा स्वतः चाकराच्या वेषातला उमराव आहे. चाकराचे सोंग घेऊन चाकरीला शिव्या देण्याची मुभा उमरावालाच असते.

त्याच नाटकाच्या तिसऱ्या अंकात ग्लॉस्टरचे डोळे काढले जातात तेव्हा कॉर्नवॉलचा एक नोकर पुढे येतो. त्याला नाव नाही. लहानपणापासून आपण सेवा केली, पण थांबा म्हणण्याइतकी मोठी सेवा आजवर केली नाही, अशा अर्थाचे बोलून तो धन्यावर तलवार उपसतो. कॉर्नवॉलच्या तोंडून तेव्हा एवढाच उद्गार निघतो : 'माझा', आणि पुढे तो शब्द, ज्याचे आज दोन वर्णलेखनांत विभाजन झाले आहे. माझा भूदास, की माझा हरामखोर? आधुनिक संपादकांपैकी काही एक रूप छापतात, काही दुसरे. १६०८ च्या आणि १६२३ च्या छापील प्रतींना हा पेच पडला नव्हता, कारण तेव्हा निवड करण्याची गरजच नव्हती. कॉर्नवॉलच्या दृष्टीने ज्या क्षणी भूदास हात उगारतो त्याच क्षणी तो हरामखोर होतो. दोन अर्थ एकमेकांत मिसळण्याचा तो क्षणच रंगभूमीवर घडताना दिसतो. रेगनला तर धक्का बसतो तो एक शेतकरी असा उभा राहिला याचा. ती त्याला पाठीमागून मारते आणि त्याचे प्रेत उकिरड्यावर टाकण्याचा हुकूम होतो. कॉर्नवॉल मात्र त्याच जखमेने मरतो. या नाटकात अन्यायाला तलवारीने अडवणारा पहिला मनुष्य 'व्हिलन' हे नाव घेऊन उकिरड्यावर जातो, आणि समीक्षेतील खलत्वाच्या चर्चेत त्याचा उल्लेखही येत नाही; तेथे एडमंडच्या आत्मभाषणांची गर्दी असते.

पण या वादाची खरी कसोटी 'ऑथेल्लो' आहे, कारण इंग्रजी समीक्षेने निरपेक्ष दुष्टाव्याचा पुतळा म्हणून ज्याला बसवले तो इयागो या नाटकात आहे. कोलरिजने १८१८-१९ च्या सुमारास आपल्या टिपणात इयागोच्या दुष्टतेला हेतू नाही, तो नसलेले हेतू शोधत फिरतो, असा निर्वाळा दिला. या शेऱ्यावर दोनशे वर्षे समीक्षा पोसली गेली. हा शेरा नाटकातील कोणत्या स्थळी लिहिला गेला ते पाहण्यासारखे आहे : पहिल्या अंकाच्या शेवटच्या आत्मभाषणापाशी. आणि याच आत्मभाषणात इयागो आपल्या बेताला 'दुहेरी नेव्हरी' म्हणतो. कोलरिजची नजर त्या शब्दावरून पुढे निघून गेली. त्याच्या काळापर्यंत तो शब्द इतका मवाळ आणि इतका जुना झाला होता की त्यातला नोकर त्याला ऐकू आला नाही.

तो नोकर ऐकू यावा याची तजवीज शेक्सपिअरने नाटकाच्या पहिल्याच प्रवेशात केलेली आहे. तेथे इयागो 'नेव्ह' हा शब्द वापरतो तो शुद्ध चाकर या अर्थाने. गुडघे मोडून इमानेइतबारे राबणारा, धन्याच्या गाढवासारखा केवळ चाऱ्यावर आयुष्य घालवणारा, आणि म्हातारा झाला की हाकलून दिला जाणारा चाकर तो वर्णन करून सांगतो. असल्या चाकरांना फटके मारावेत असे म्हणून, दुसऱ्या प्रकारच्या चाकरांमध्ये तो स्वतःची गणना करतो : सेवेचा मुखवटा घालून स्वतःचे भले करून घेणाऱ्यांमध्ये. त्याला डावलून कॅसिओला बढती मिळालेली आहे. जुन्या सेवाज्येष्ठतेची रीत गेली आणि शिफारशीचे राज्य आले, ही त्याची तक्रार आहे. म्हणजे पहिल्या प्रवेशात 'नेव्ह' हा राबून फुकट गेलेला नोकर, आणि पहिल्या अंकाच्या अखेरीस 'नेव्हरी' हे त्याच नोकरीचे उलटे काढलेले उट्टे. 'दुहेरी' या विशेषणाची टीप देताना संपादक ऑथेल्लो आणि कॅसिओ या दोन सावजांकडे बोट दाखवतात. ते चूक नाही. पण दुहेरीपणा त्या नामातच आहे.

विल्यम एम्पसन यांनी १९५१ च्या 'द स्ट्रक्चर ऑफ कॉम्प्लेक्स वर्ड्‌स'मध्ये 'ऑनेस्ट' या शब्दाचा या नाटकापुरता जो शोध घेतला, तो आजही अजोड आहे. 'प्रामाणिक इयागो' या वारंवार येणाऱ्या संबोधनात वरच्याने खालच्याच्या पाठीवर थाप मारण्याचा सूर आहे, हे त्यांनी नेमके हेरले. नोकराला प्रामाणिक म्हणणे ही त्याची जागा त्याला दाखवण्याचीच एक सभ्य रीत असते. एम्पसन यांच्या या विवेचनाची दुसरी बाजू 'नेव्हरी' या शब्दात होती. ती त्यांच्या प्रकरणाबाहेर राहिली आणि नंतरच्या अभ्यासकांनीही ती पुढे नेली नाही, कारण कोलरिजचा शेरा अधिक काव्यमय होता.

येथे असा आक्षेप घेतला जाईल की हे विवेचन इयागोला माफी देणारे आहे : बढती न मिळालेल्या कारकुनाची व्यथा त्याच्या माथी मारून डेस्डिमोनाचा गळा घोटला गेल्याचे दुःख हलके करणारे. हा आक्षेप गंभीर आहे. पण हेतू दाखवणे आणि क्षमा करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा भेद नाटकातच एक पात्र करते, आणि ते पात्र एक दासी आहे. चौथ्या अंकात एमिलिया, समोर आपला नवरा उभा असताना आणि गुन्हेगार तोच आहे हे ठाऊक नसताना, सांगून टाकते की ही निंदा कोणा लुच्च्याने, कोणा गुलामाने, काहीतरी हुद्दा मिळवण्यासाठी रचलेली आहे. हुद्दा मिळवण्यासाठी! कोलरिजला जो हेतू सापडला नाही तो डेस्डिमोनाच्या दासीने दोन अंक उलटल्यावर अचूक सांगितला आहे. आणि तिने त्याला क्षमा केलेली नाही. त्याला नरक आणि फटके मिळोत असे तिचे म्हणणे आहे. पुढे सत्य कळल्यावर नवऱ्याच्या तलवारीपुढे ती बोलत राहते आणि मरते. मात्र तिच्याजवळही शिव्या आहेत त्या धन्यांच्या टाकसाळीतल्याच : नेव्ह, रोग, गुलाम. अन्यायाला नाव देण्यासाठी तिला आपल्याच वर्गाची नावे उसनी घ्यावी लागतात. 'ऑथेल्लो'ची भाषिक शोकांतिका ती हीच, आणि ती इयागोच्या अथांग अंतःकरणात बुडी मारून सापडत नाही.

या नाटकांमधील शब्द ज्यांच्या तोंडी होते त्या नटांची कायदेशीर स्थिती लक्षात घेतली म्हणजे हा प्रश्न अधिकच तीव्र होतो. १५७२ च्या इंग्लिश कायद्याने 'रोग', भटके आणि धडधाकट भिकारी यांची व्याख्या केली, आणि कोणा उमरावाच्या पदरी नसलेल्या नटांना त्यात समाविष्ट केले. परवाना नसलेल्या अशा माणसाला शिक्षा होती ती चाबकाचे फटके आणि उजव्या कानाच्या पाळीच्या कुर्च्याला इंचभर रुंदीच्या तापलेल्या लोखंडाचा डाग. त्याच वर्षी जेम्स बर्बेज आणि त्याच्या साथीदारांनी लेस्टरच्या अर्लला पत्र लिहून विनंती केली की आम्हाला आपले घरचे नोकर म्हणवून घेऊ द्यावे; वेतन नको, गणवेश पुरे. 'नेव्ह' व्हा, नाही तर 'रोग' ठराल, असा तो पर्याय होता. १६०४ मध्ये राजाच्या मिरवणुकीसाठी शेक्सपिअर आणि त्याच्या मंडळींना प्रत्येकी साडेचार वार लाल कापड मिळाले, राजाचे नोकर म्हणून. वर्षा-दोन वर्षांत त्याच मंडळींचा कोणी नट केंट होऊन ऑस्वल्डच्या तीन जोड कपड्यांची टवाळी करत होता. प्रेक्षागृहातील उमराव हसले असतील. टवाळी करणाऱ्याच्या आणि टवाळी झालेल्याच्या अंगावर एकाच धन्याचे कापड होते.

गेल्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत या विषयाला जे नवे वळण लागले त्याविषयीही बोलणे आवश्यक आहे. मिखाईल बाख्तिन यांनी कादंबरीतील लुच्चा, विदूषक आणि मूर्ख या तीन आकृतींचे कार्य उलगडून दाखवले, आणि १९८१ पासून इंग्रजीद्वारा ते विवेचन आपल्या चर्चासत्रांपर्यंत पोहोचले. बाख्तिन यांच्यापाशी या आकृतींना परके असण्याचा, कोणत्याही व्यवस्थेत न मावण्याचा हक्क आहे. चर्चासत्रांपाशी मात्र त्यातून एक सोपी उत्सवप्रियता उरली. जो जो लबाड तो तो विद्रोही, जी जी खोडी ती ती व्यवस्थेची विरचना, अशी समीकरणे तयार झाली. 'दुष्टावा' म्हणणारी जुनी समीक्षा आणि 'लीला' म्हणणारी नवी समीक्षा या दोघी कोशातील त्या अर्धविरामाच्या दोन बाजूंना उभ्या आहेत, इतकेच. कानाला डाग देणारे लोखंड दोघींच्याही गावी नाही. ज्याला डाग बसतो त्याला आपण चिन्हांच्या मुक्त क्रीडेत सहभागी आहोत असे वाटण्याची शक्यता कमी.

मराठी समीक्षकाला हा सगळा परक्या घरचा तंटा वाटण्याचे कारण नाही. डिकन्सच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'मध्ये (१८६०-६१) पत्ते खेळताना पिप ज्या पानाला 'जॅक' म्हणतो त्याला सुसंस्कृत घरात 'नेव्ह' म्हणतात, म्हणून एस्टेला त्याची थट्टा करते आणि लोहाराच्या घरच्या त्या पोराला आपल्या हलकेपणाची पहिली जाणीव होते. तेच पान मराठीत 'गुलाम' आहे. इंग्रजीने जो चाकर लपवला तो मराठी पत्त्यांत राजा-राणीच्या पायाशी उघड बसलेला आहे. आणि जुन्या मराठी घरांतून खोडकर पोराला लाडाने 'गुलाम' म्हणत, हेही आठवावे; 'लबाड' शब्दही असाच एका ओठाने चोराला आणि दुसऱ्या ओठाने बाळाला लावला जातो. संस्कृतात तर दासीच्या पोटी जन्मणे ही शिवी इतकी रुळली की आक्रोशाच्या अर्थी त्या समासात षष्ठीचा प्रत्यय ठेवावा की गाळावा, याचा नियम पाणिनीला करावा लागला. वामनाने पददोष सांगताना केवळ लोकांच्या तोंडी असलेला शब्द तो 'ग्राम्य' असे ठरवले. 'व्हिला'वर राबणारा तिकडे खल झाला, ग्रामात राहणारा इकडे दोष झाला. आजही 'ग्राम्य' हा शेरा मराठी परीक्षणांत अश्लीलतेचा सभ्य पर्याय म्हणून वापरला जातो, आणि वापरणाऱ्याला आपण काव्यशास्त्र बोलतो आहोत असे वाटते.

इंग्रजी कायद्याचे ते लोखंडही इकडे आले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कृत्य पाहण्याचीही गरज ठेवली नाही. जन्म पुरेसा मानला. तो १९५२ मध्ये रद्द झाला. १९८७ मध्ये लक्ष्मण गायकवाड यांनी आपल्या आत्मकथनाला 'उचल्या' हे नाव दिले, तेव्हा जमातीचे नाव, व्यवसायाचे नाव आणि शिवी ही तिन्ही एकाच शब्दात होती, 'नेव्ह'मध्ये होती तशीच. त्या पुस्तकाविषयी लिहिताना 'प्रांजळ कबुली' हा शब्दप्रयोग वापरण्याचा मोह मराठी समीक्षेला पडत आला आहे. कबुली हा पोलीस ठाण्यातला शब्द आहे. जो आपल्यावर लादलेले नाव मुखपृष्ठावर छापून त्याची मालकी विचारतो, त्याच्या हातून समीक्षा पुन्हा जबाब लिहून घेते. १९९८ मध्ये साहित्य अकादमीने प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी भाषांतराचे शीर्षक अधिक प्रामाणिक निघाले. इंग्रजीत चोराचिलटांसाठी तयार शब्दांची वाण नाही. 'रोग' होता, 'नेव्ह' होता. भाषांतराने त्यांपैकी एकही उचलला नाही. 'द ब्रँडेड' असे शीर्षक दिले, म्हणजे डाग दिलेला. आणि व्याकरणानेच डाग देणारा कोणी तरी आहे हे सांगून टाकले.

कुसुमाग्रजांच्या 'नटसम्राट'मध्ये (१९७०) लिअरचे सूत्र आले, पण ग्लॉस्टरचे उपकथानक आले नाही, त्यामुळे तो निनावी नोकरही आला नाही. निष्ठावंत विठोबा आला. विंदा करंदीकरांनी १९७४ मध्ये 'किंग लिअर' मराठीत आणले, तेव्हा त्या नोकराला मराठी रंगमंचावर येण्याचा मार्ग खुला झाला. कॉर्नवॉलच्या त्या एका उद्गारासाठी मराठीत 'कूळ' आहे, 'गुलाम' आहे, 'हरामखोर' आहे, आणि तिन्ही एकाच वेळी म्हणता येतील असा शब्द पत्त्यांच्या जोडाबाहेर शोधावा लागतो. पदव्युत्तर वर्गात हा प्रवेश शिकवताना निदान तो शोध वर्गाकडून करवून घ्यावा, आणि मगच इयागोच्या अंतःकरणातील अंधाराकडे वळावे.